गावाचं केबल चॅनेल आणि आपला अर्धा तास

अमेरिकेत तुमच्या गावात केबल कंपनीचं जाळं असेल, तर त्यातलं एखादं चॅनेल पुष्कळदा गावच्या रहिवाशांसाठी राखून ठेवलेलं असतं. तिथे कार्यक्रम करायला पत्रकार असावं लागत नाही, जाहिरातदार शोधावा लागत नाही. त्या गावात राहत असल्याचा पुरावा मात्र लागतो. याला पब्लिक ॲक्सेस म्हणतात. पीबीएस हे देशभरचं सार्वजनिक टीव्हीचं जाळं वेगळं, हे वेगळं. पब्लिक, एज्युकेशनल आणि गव्हर्नमेंट अशा तिन्ही चॅनेलांना मिळून ‘पेग’ म्हणायची पद्धत आहे. आपल्याला हवं ते त्यातलं पहिलं.

हा लेख महाराष्ट्र मंडळाच्या समितीत राबणाऱ्या, घरी बऱ्यापैकी कॅमेरा असलेल्या आणि ‘युट्यूब आहे की, मग हे कशाला?’ असं विचारणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. उत्तर सरळ आहे. युट्यूबवर टाकलेला कार्यक्रम आपलीच माणसं बघतात. गावाच्या चॅनेलवर आधी सिटी कौन्सिलची बैठक असते, नंतर शाळा समिती आणि त्यानंतर तुम्ही. बैठक बघायला बसलेला वाचनालयाचा विश्वस्त, निवृत्त शेजारीण, शाळा समितीचा सदस्य यांच्यापुढे तुम्ही येता ते गावकरी म्हणून. हे दुसरीकडे कुठे होत नाही, म्हणून तिथे पाय रोवायला हवा.

याची मुळं कॅनडात आहेत. १९६७ साली न्यूफाउंडलंडजवळच्या फोगो बेटावर तिथल्या नॅशनल फिल्म बोर्डाने कोळ्यांचं म्हणणं चित्रित केलं. ते आधी बेटावरच्याच लोकांना दाखवलं आणि मग त्यांना तिथून हलवायच्या विचारात असलेल्या सरकारला. ज्या ‘चॅलेंज फॉर चेंज’ उपक्रमात हे झालं, त्याची धुरा पुढे अमेरिकी माहितीपटकार जॉर्ज स्टोनी यांच्याकडे आली. न्यूयॉर्कला परतल्यावर त्यांनी रेड बर्न्स यांच्यासोबत १९७१ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात अल्टरनेट मीडिया सेंटर काढलं. त्याच वर्षी मॅनहॅटनच्या केबलवर पब्लिक ॲक्सेस चॅनेलं सुरू झाली. सोनीचा पोर्टापॅक नुकताच आला होता. खांद्याला रेकॉर्डर, हातात कॅमेरा, आणि एकट्या माणसाला चित्रीकरण जमू लागलं.

१९७२ मध्ये एफसीसीने, म्हणजे प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय आयोगाने, १०० मोठ्या बाजारपेठांतल्या केबल कंपन्यांवर अशी चॅनेलं ठेवायची सक्ती केली. १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मिडवेस्ट व्हिडिओ खटल्यात ती सक्ती एफसीसीच्या अधिकाराबाहेरची ठरवली. मग १९८४ च्या केबल कायद्याने हा विषय गावांच्या हातात दिला: गावाला हवं असेल तर गावाने कंपनीशी करार करताना चॅनेल मागून घ्यावं. मजकुरात कंपनीने ढवळाढवळ करायची नाही, हेही त्याच कायद्यात आहे. चॅनेल ‘मागून घ्यावं’ लागतं हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

या माध्यमाची ताकद बघायची तर पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंगचं उदाहरण घ्यावं. १९७६ मध्ये स्टोनी-बर्न्स यांच्याच केंद्राने तिथे दोन्ही बाजूंनी बोलता येईल अशा केबलचा प्रयोग केला. गावातल्या तीन केंद्रांत कॅमेरे आणि पडदे बसवले, आणि तिथे जमलेली म्हातारी माणसं एकमेकांशी आणि महापौरांशी थेट बोलू लागली. इतर वयस्कर मंडळी घरी बसून हे बघायची आणि फोन करून त्यात भाग घ्यायची. गाणीगप्पाही होत, पण महापौरांना समोर बसवून प्रश्न विचारायचा वार ठरलेला असणं, हा त्यातला खरा ऐवज. प्रयोगाची मुदत संपल्यावर गावाने तो बंद पडू दिला नाही. बर्क्स कम्युनिटी टेलिव्हिजन म्हणून तो पुढे चालू राहिला.

आता पैशाचं बघू, कारण तुमच्या हक्काचं बळ तिथे आहे. केबलचं बिल काढा. त्यात ‘फ्रँचाइज फी’ अशी ओळ असते, काही गावांत ‘पेग फी’ अशी आणखी एक. केबल-टीव्हीच्या उत्पन्नाच्या जास्तीत जास्त ५ टक्के रक्कम गाव घेऊ शकतं. टीव्हीचे १०० डॉलर भरत असाल तर त्यातले ५ डॉलरपर्यंत. हे पैसे स्टुडिओला मिळतीलच असं नाही, बरीच गावं ते सर्वसाधारण तिजोरीत टाकतात. पेग फी निराळी. ती सामग्रीसाठी असते: कॅमेरा, दिवे, सर्व्हर यांना चालते, पगाराला चालत नाही. त्यामुळे एखाद्या केंद्रात नवे कोरे कॅमेरे दिसतात आणि ते शिकवायला माणूस मात्र आठवड्यातून दोनच दिवस येतो. यात केंद्राचा दोष नाही, नियमच तसा आहे. त्यातून ही फी फक्त टीव्हीवर लागते, इंटरनेटवर नाही. लोकांनी केबल काढून टाकली की फी आटते.

सगळीकडे चॅनेल असेलच असंही नाही. २००५ मध्ये टेक्ससने आणि २००६ मध्ये कॅलिफोर्नियाने करार करायचे अधिकार गावांकडून काढून राज्याकडे घेतले. कॅलिफोर्नियातला बदल लागू झाल्यावर लॉस एंजेलिसमधले केबल कंपनीचे ॲक्सेस स्टुडिओ २००८ अखेर बंद झाले. सॅटेलाइट डिशवर ही चॅनेलं नसतात, स्ट्रीमिंगच्या टीव्हीवरही नसतात. बऱ्याच केंद्रांनी म्हणून रोकूवर आणि ॲपल टीव्हीवर आपापली ॲप टाकली आहेत. आधी गावाच्या संकेतस्थळावर ‘केबल’ शोधा. नाही सापडलं तर टाऊन क्लार्ककडे विचारा: पब्लिक ॲक्सेस कोण चालवतं? कुठे ना-नफा संस्था चालवते, कुठे शाळा, कुठे गावाचंच खातं.

पुढची वाट जवळजवळ सगळीकडे सारखी आहे. ओळखपत्र आणि घरच्या पत्त्याचा पुरावा घेऊन माहितीसत्राला जायचं. मग कॅमेरा, स्टुडिओ आणि संकलन यांचे छोटे वर्ग करायचे. ते पार पडले की सामग्री घरी न्यायला मिळते आणि स्टुडिओची वेळ राखता येते. मॅनहॅटनसारख्या ठिकाणी रहिवाशांना हे मोफत आहे, काही केंद्रं वार्षिक वर्गणी घेतात. मंडळाने एकाच्या नावावर भिस्त ठेवू नये, निदान चौघांनी प्रशिक्षण पुरं करावं. तीन कॅमेऱ्यांच्या स्टुडिओला दिग्दर्शक, स्विचर, आवाज, शीर्षकं, कॅमेऱ्यावर दोघं-तिघं आणि फ्लोअर सांभाळणारा एक अशी सात-आठ माणसं लागतात. दोन खुर्च्यांच्या गप्पांना कॅमेरे न हलवता चौघांत भागतं. हाताशी एवढीच माणसं असतील, तर गप्पाच करा.

कार्यक्रम कसला करायचा, यावर माझं मत ठाम आहे. गणेशोत्सवाची तीन तासांची चित्रफीत चॅनेलला देऊ नका. ती आपल्या आठवणींसाठी ठीक आहे, शेजाऱ्याला तिचं काय करायचं? त्यापेक्षा महिन्याला एक, अर्ध्या तासाचा, गावाशी बांधलेला कार्यक्रम करा. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांसाठी गावाच्या ज्येष्ठ नागरिक केंद्रात काय आहे? वाचनालयात मराठी पुस्तकं आणायची तर अर्ज कुणाकडे करायचा? नव्या शाळेच्या मतदानात नेमकं काय ठरणार आहे? पाहुणा गावाचा अधिकारी, विचारणारे आपण, भाषा इंग्रजी किंवा मराठी अधिक सबटायटल्स. गणपतीही आणा, पण विसर्जनाला तळ्याची परवानगी कुणाकडून आणि कोणत्या अटींवर मिळते, त्या अधिकाऱ्याला घेऊन. तो भाग बाकीचं गावही बघेल.

लांबी बहुतेक ठिकाणी २८ ते २८:३० मिनिटं किंवा ५८ मिनिटं. नेमका आकडा केंद्राकडून घ्या. ३१ मिनिटांची फाइल ही वेळापत्रक लावणाऱ्याला डोकेदुखी असते. अर्ध्या तासाच्या खाचेत ती बसत नाही, मग ती पहाटे तीनला लागते किंवा शेवट कापला जातो.

स्टुडिओत आपल्या माणसांच्या काही खास अडचणी येतात, त्या तिथले शिकवणारे सांगणार नाहीत. कॉलरचा छोटा माईक कोट-शर्टसाठी बनलेला आहे. साडीत तो पदरावर लावला की प्रत्येक हालचालीला खरखर येते, आणि मंगळसूत्र त्यावर आपटतं ते खोकल्याइतकं मोठं ऐकू येतं. माईक ब्लाउजच्या काठाला, हनुवटीपासून साधारण एक वीत खाली, पदराच्या विरुद्ध बाजूला लावा. वायरची एक सैल गाठ करून चिकटपट्टीने आतून बसवा. मंगळसूत्र लांब असेल तर पदराखाली घ्यायला सांगा. काचेच्या बांगड्या असतील तर हात टेबलावर न टेकता मांडीवर. कुर्त्याला कॉलर नसते, पण बटणपट्टी असते, माईक तिथे बसतो. रेशमी कुर्ता कुरकुरतो, सुती बरा.

कपड्यांचंही तेच. पांढराशुभ्र कुर्ता आणि जरीचा काठ दिव्याखाली पांढरा फटक पडतो, चेहरा काळवंडतो. कॅमेऱ्याचा झेब्रा (फार उजळ भागावर रेघा दाखवणारी सोय) ९५ वर ठेवून एक्स्पोजर चेहऱ्यावर लावा आणि पाहुण्यांना मोतिया किंवा फिका पिवळा घालायला सांगा. बारीक चौकडी आणि बारीक रेघा पडद्यावर थरथरतात. हिरव्या पडद्यापुढे बसायचं असेल तर हिरवी पैठणी आणि हिरवं खण चालणारच नाही. संगणक पडद्याबरोबर साडीही पुसून टाकतो आणि पाहुणीचं नुसतं डोकं तरंगताना दिसतं. हे पाहुणीला आदल्या दिवशी कळवायचं. ऐन वेळी सांगितलं तर तिचा विरस होतो आणि चित्रीकरणही रखडतं.

ढोल-ताशा चित्रित करताना आवाज फाटतो तो माईकपाशीच. नंतर संकलनात आवाज कमी केला तरी फाटलेला भाग फाटलेलाच राहतो. सगळ्यात जोराचा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकी पातळी आधी खाली घ्या, ‘ऑटो’ बंद करा, आणि माईकला पॅड (आवाज दाबणारं बटण) असेल तर तो चालू करा.

फाइल देताना ज्या चुका होतात त्या ठरलेल्या आहेत. मोबाइल आणि झूम दोन्ही बदलत्या फ्रेम-रेटने, म्हणजे सेकंदाला कमीजास्त चित्रं घेत, रेकॉर्ड करतात. सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, विसाव्या मिनिटाला आवाज मागे पडतो. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून फाइल आधी २९.९७ ला आणा, मगच संकलन करा. दुसरी गोष्ट भारतातून येणाऱ्या चित्रफितींची. तिकडचे कॅमेरे बहुधा २५ फ्रेमवर असतात. इथे आणताना सेकंदाला जवळजवळ पाच फ्रेम भरून काढाव्या लागतात, म्हणून कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळतं. तिकडच्या नातेवाइकाला कॅमेरा ३० वर ठेवायला सांगा, पण शटर १/५० किंवा १/१०० ठेवायला सांगा, कारण तिथली वीज ५० हर्ट्झची आहे. १/६० ठेवलं तर ट्यूबलाइटखाली पट्टे फिरतात. इथे उलट: वीज ६० हर्ट्झ, शटर १/६०.

आवाजाची सरासरी पातळी केंद्रं साधारण उणे २४ एलकेएफएस मागतात. युट्यूबसाठी बनवलेली फाइल उणे १४ च्या जवळ असते. तीच चॅनेलला दिली तर कौन्सिलच्या बैठकीनंतर तुमचं शीर्षकगीत १० डेसिबल चढ्या आवाजात कोसळतं आणि शेजारी चॅनेल बदलतो. डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत लाउडनेस मीटर आहे, तो बघून खाली आणा. हेडफोनच्या दोन्ही कानांत आवाज येतो ना, तेही ऐका. कॅमेऱ्याच्या पहिल्या इनपुटला लावलेला माईक पुष्कळदा फक्त डाव्या बाजूला जातो. बाकी १९२० बाय १०८०, एच.२६४, आवाज ४८ किलोहर्ट्झ एवढं पुरतं. आरंभी आणि शेवटी एकेक सेकंद काळी चौकट ठेवा, म्हणजे पहिलं अक्षर तुटत नाही. पुष्कळ गावांत केबल कंपनी हे चॅनेल अजून जुन्या, कमी रेषांच्या रूपातच दाखवते. म्हणून अक्षरं मोठी घ्या आणि कडेपासून चांगली आत ठेवा.

देवनागरीचा प्रश्न वेगळाच आहे. स्टुडिओतल्या जुन्या शीर्षकयंत्रांना जोडाक्षरं कळत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, ‘क्ष’ फुटून पाय मोडलेला ‘क्’ आणि ‘ष’ वेगळे दिसतात, रफार कुठेही चढतो. तिथे टाइप करायच्या फंदात पडू नका. नावाची पट्टी घरी करून पारदर्शक पीएनजी चित्र म्हणून न्या आणि आधी मराठी वाचता येणाऱ्याने ती तपासावी, कारण चुकलेली पट्टी तिथल्या दिग्दर्शकाला बरोबरच वाटणार. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत करत असाल तर मजकुराच्या मांडणीत ‘वर्ल्ड-रेडी’ पर्याय निवडावा लागतो, एरवी तिथेही हेच घोळ होतात.

क्लोज्ड कॅप्शनची जुनी पद्धत, ६०८, रोमन लिपीसाठी आहे. तीत देवनागरी बसत नाही. म्हणून मराठी कार्यक्रमाला इंग्रजी सबटायटल्स चित्रातच कोरलेली द्यावीत. एका वेळी दोनच ओळी, ओळीत चाळीसच्या आत अक्षरं. अर्ध्या तासाच्या गप्पांना अशी चारेकशे सबटायटल्स लागतात, आणि कार्यक्रमातलं सगळ्यात वेळखाऊ काम हेच. आपोआप लिहून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर मराठी नावं सोपवू नका. हे काम कॉलेजात शिकणाऱ्या, दोन्ही भाषा येणाऱ्या मुलांना द्या. ती ते छान करतात आणि मंडळात टिकतातही.

गाण्यांबाबत कडक राहायला हवं. सादर करताना तुम्ही सही करता की यातल्या सगळ्या गोष्टींचे हक्क माझ्याकडे आहेत, आणि पुढचा भुर्दंड केंद्राचा नसून सही करणाऱ्याचा असतो. तुकोबांचे शब्द कुणाच्याही मालकीचे नाहीत, पण चाल आणि ध्वनिमुद्रण हे वेगवेगळे हक्क आहेत. रेडिओवरून घरोघरी पोचलेल्या अभंगांच्या बहुतेक चाली विसाव्या शतकातल्या संगीतकारांच्या आहेत. गावातल्याच गाणाऱ्याकडून वारकरी परंपरेतली चाल गाऊन घ्या, त्याची लेखी संमती घ्या आणि तेच शीर्षकसंगीत ठेवा. लहान मुलं पडद्यावर असतील तर पालकांची संमतीही लेखीच हवी.

धंद्याची जाहिरात चालत नाही. आपल्याकडे पाहुणा म्हणून घरांची खरेदी-विक्री करणारे किंवा विमा विकणारे ओळखीचे असतातच. गहाणकर्जाचे नियम त्यांनी समजावून सांगावेत, त्याला हरकत नाही. पण ‘मला फोन करा’, किंमत, सवलत, पडद्यावर त्यांचा नंबर यातलं काही आलं की केंद्र कार्यक्रम परत पाठवतं. देणगीदाराचे आभार शेवटी, नुसत्या नावाने.

मजकुरावर कात्री कोण चालवू शकतं? केबल कंपनीला १९९२ मध्ये अश्लील वाटणारे कार्यक्रम रोखायची मुभा मिळाली होती. पब्लिक ॲक्सेसपुरती ती सुप्रीम कोर्टाने १९९६ च्या डेन्व्हर एरिया खटल्यात रद्द केली. चॅनेल चालवणाऱ्या खासगी संस्थेचं मात्र वेगळं आहे. मॅनहॅटनच्या केंद्राने त्याच्यावर टीका करणाऱ्या निर्मात्यांना बंदी घातली, आणि २०१९ मध्ये हॅलेक खटल्यात कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की अशी संस्था म्हणजे सरकार नव्हे, तिला अभिव्यक्तिस्वातंत्र्याची पहिली घटनादुरुस्ती लागू नाही. माझ्या मते अल्पमतातल्या चौघांचं म्हणणं बरोबर होतं: गावाने जो मंच उभा केला तो गावाच्या वतीने चालवणाऱ्याला घटना बांधील असायला हवी. निकाल तसा नाही. म्हणून केंद्राची नियमावली पहिल्याच दिवशी मागून घ्या. ‘आधी येईल त्याला आधी वेळ’ हे त्यात लिहिलेलं आहे का, आणि नकार मिळाला तर दाद कुणाकडे मागायची, ही दोन कलमं वाचल्याशिवाय सही करू नका.

वेळ ठरलेली मागा, उदाहरणार्थ दर महिन्याचा दुसरा मंगळवार, संध्याकाळी सात. केबलच्या कार्यक्रमपत्रिकेत तुमचं नाव येईल या भरवशावर राहू नका. या चॅनेलांपुढे तिथे पुष्कळदा ‘लोकल प्रोग्रामिंग’ एवढंच दिसतं. एटी अँड टी यू-व्हर्सने तर सगळी पेग चॅनेलं ९९ नंबरमागच्या यादीत ठेवली होती. वेळ आणि चॅनेल क्रमांक वाचनालयाच्या फळ्यावर आणि ज्येष्ठ नागरिक केंद्राच्या पत्रकात छापून घ्या. शेजारच्या गावातल्या एखाद्या रहिवाशाने पुरस्कृत केलं तर तोच कार्यक्रम तिथल्या चॅनेलवरही लागतो. पूर्वी टेपा अशा गावोगाव फिरत, आता पेगमीडियासारख्या साइटवरून केंद्रं फाइली घेतात.

शेवटचं काम कॅमेऱ्याचं नाही. जिथे करार अजून गाव करतं, तिथे तो संपायच्या ३६ महिने आधी नूतनीकरणाची सहा महिन्यांची खिडकी उघडते, आणि त्या काळात गावाच्या पुढच्या गरजा कोणत्या हे लोकांना विचारायची तरतूद केंद्रीय कायद्यातच आहे. चॅनेल, स्टुडिओ, एचडी प्रक्षेपण, पेग फी हे सगळं त्याच वेळी मागायचं असतं. तारीख टाऊन क्लार्ककडे मिळते, ती मंडळाच्या कॅलेंडरवर टाका. सुनावणीला किमान तिघांनी जावं आणि मंडळाच्या नावाने लेखी निवेदन द्यावं. वर्षभरात किती कार्यक्रम केले, कोणत्या विषयांवर, गावातले कोण कोण पाहुणे आले, किती जणांनी प्रशिक्षण घेतलं, केंद्रातली कोणती सामग्री मोडकी आहे, हे सगळं त्यात आकड्यांसह असू द्या. त्यासाठी पहिल्या कार्यक्रमापासून वही ठेवा. निवेदनाची एक प्रत केंद्रालाही द्या, वाटाघाटीत त्यांना ती लागते.